तिऱ्हाईत माणूस

चार वर्षांपूर्वी भाच्याच्या टेम्पोचे तीन हप्ते थकले होते. एके संध्याकाळी तो कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात आला, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि खाकी पाकीट पुढं सरकवलं. "मामा, ह्ये काय आलंय बघा की जरा. पोलीस केस हाय काय?"

आठ पानं, सगळी इंग्रजीत. तुमच्या आणि कंपनीच्या दरम्यान वाद उत्पन्न झाला आहे, तो अमुक एका वकिलांकडे एकमेव लवाद म्हणून सोपवला आहे, सुनावणी चेन्नईत अमुक तारखेला. ती तारीख पाकीट हातात पडायच्या पाच दिवस आधीच उलटून गेली होती. सोबत दुसरा कागद होता, त्याच लवादाचा अंतरिम आदेश: टेम्पो ताब्यात घ्यावा. म्हणजे वाद आहे हे भाच्याला कळायच्या आधी अर्धा निकाल लागलेला होता.

मी म्हटलं, अरे, हे लवादाचं पत्र आहे. तो बुचकळ्यात पडला. "लवाद म्हंजे ते अलमट्टीचं?"

मला हसू आलं, पण पोराचं काही चुकलं नव्हतं. मराठीत 'लवाद' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या जातींसाठी वापरतो. कृष्णा पाणीतंटा लवाद किंवा राष्ट्रीय हरित लवाद ही सरकारनं कायद्यानं बसवलेली न्यायपीठं. तुम्हाला आवडोत न आवडोत, ती आहेत. दुसरा लवाद करारातून जन्माला येतो. दोन माणसं लिहून देतात की आमचं भांडण झालं तर आम्ही कोर्टात न जाता या माणसाकडे जाऊ आणि तो म्हणेल ते ऐकू. आधी ते लिहिणं, मग लवाद. हिंदीत तर गोंधळ आणखी मोठा. १९९६च्या केंद्रीय कायद्याचं तिथलं नाव 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम', आणि लवादाला शब्द 'मध्यस्थ'. आपल्याकडं मध्यस्थ म्हणजे स्थळ सुचवणारा, प्लॉटचा व्यवहार जुळवणारा, नाहीतर दोघांची गचांडी सोडवायला मध्ये पडणारा.

मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत. मधला नव्हे, तिसरा. मधल्या माणसाला दोन्हीकडून ओढता येतं. तिसऱ्याची जागाच वेगळी असते.

माझं म्हणणं असं की लवादाचा सगळा अधिकार दोघांनी मिळून दिलेल्या संमतीतून येतो. ती एकाच बाजूनं ठरवली असेल तर उरतो तो काळा कोट घातलेला वसुली कारकून. आणि संमती खरी असेल तर लवादानं निकाल द्यायचा असतो, दोघांना गोंजारून अर्धं-अर्धं करायचं नसतं. यातली पहिली गोष्ट फायनान्स कंपन्या विसरतात. दुसरी आपण कोल्हापूरकर विसरतो, आणि तीही मोठ्या अभिमानानं.

शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात ज्यानं कुस्त्या पाहिल्या आहेत त्याला हा फरक वेगळा सांगायला नको. निकाली कुस्ती आणि बरोबरीत सोडवलेली कुस्ती. पाठ टेकली, चितपट झाली, की हरलेल्या पैलवानाच्या तालमीतलीही माणसं मान डोलावतात. पण पाऊण तास खडाखडी चालावी आणि पंचानं दोघांचे हात वर करून 'बरोबरीत' म्हणावं, की शिट्ट्या सुरू. कट्ट्यावरची म्हातारी माणसं धोतराचा सोगा झटकत उठतात. कुस्तीत आपल्याला निकाल हवा असतो. मात्र त्याच कट्ट्यावर दोन भावांच्या बांधाचा किंवा दोन भागीदारांच्या हिशेबाचा विषय निघाला, की तीच म्हातारी माणसं म्हणतात, जाऊ द्या, अर्धं-अर्धं करा, मिटवा.

मिटवणं वाईट असं मी म्हणत नाही. सलोखा ही स्वतंत्र गोष्ट आहे, आणि १९९६च्या कायद्याच्या नावातच लवादाशेजारी सलोख्याला जागा आहे. २०२३ साली मध्यस्थीसाठी वेगळा कायदा झाला. मध्यस्थ दोघांना एका टेबलाशी आणतो, पटलं तर सही, नाही पटलं तर आपापल्या वाटेनं. लवादाकडं तशी सोय नाही. तो दोघांचं ऐकतो, कागद बघतो आणि एकाला सांगतो की तुझं चुकलं, इतके पैसे दे. कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की 'मला न्याय्य वाटलं म्हणून' असा निकाल लवादाला देता येतो तो फक्त दोन्ही पक्षांनी त्याला तशी मोकळीक दिली असेल तरच. एरवी करार काय म्हणतो आणि कायदा काय म्हणतो, त्यातून तो निकाल निघाला पाहिजे, आणि कारणं लिहिली पाहिजेत. असा निकाल कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. तालमीतल्या बैठकीत ठरलेलं 'अर्धं-अर्धं' कुठंच बजावता येत नाही. म्हणूनच ते पुढच्या गणपतीत पुन्हा उकरून निघतं.

ही कल्पना काही बाहेरून आलेली नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढं, म्हणजे गावच्या मान्यवरांच्या सभेपुढं जात, तेव्हा सुनावणीआधी दोन्ही वादी एक कागद लिहून देत: या सभेचा निकाल आम्हाला मान्य राहील, त्याबाहेर जाणार नाही. त्या कागदाला म्हणत राजीनामा. राजी असल्याचा नामा. आज आपण राजीनामा देतो तो खुर्ची सोडताना. शब्दाचं हे वळण पाहून मला नेहमी गंमत वाटते, आणि थोडं वाईटही. कबुलीचा कागद पळवाटेचा कागद झाला. त्यानंतर जामीन घेत, तकरिरी घेत, म्हणजे दोघांचं म्हणणं लिहून घेत. निकालाचा मजहर, म्हणजे निवाड्याचा कागद होई, त्यावर गोताच्या सह्या, आणि ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी काढी, शेतकऱ्याचा नांगर, शेट्याचा तराजू. हरलेला पुन्हा एक कागद देई, यजितखत: मी हरलो, माझा आता हक्क नाही. गावातल्या सभेवर विश्वास नसेल तर वाद दुसऱ्या थळी न्यायचीही सोय होती. आजचा वकील याला निःपक्ष ठिकाण म्हणेल.

त्या व्यवस्थेत सगळं गोड होतं असं समजायचं कारण नाही. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी म्हणजे नजराणा घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड, दोन्ही हातांनी. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं १८१९ साली पेशव्यांच्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात पंचायती रेंगाळतात ही तक्रार आहे. जातीची उतरंड त्या सभेच्या बैठकीतच होती. पण आधी राजीनामा, मग सुनावणी, हा क्रम त्यांना नीट कळला होता.

हा क्रम जिथं नाही तिथं पंच हा शब्द किती विषारी होतो हे जात पंचायतींनी दाखवलं. तिथं कुणी लिहून देत नाही, जन्मानंच बांधलेला असतो. नाही म्हटलं तर वाळीत. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो यासाठी. 'आमच्या पंचांनी निकाल दिला' असं जो सांगतो त्याला मी आधी विचारतो, नको म्हणायची मोकळीक होती का? नसेल, तर पाचामुखी परमेश्वर वगैरे काही नाही, पाच माणसांची दांडगाई आहे.

आता एक खरी सुनावणी सांगतो. मी हिशेबाच्या धंद्यातला, त्यामुळं टिपणं घ्यायला मला बसवलं होतं.

शिरोलीतली एक फाउंड्री आणि गोकुळ शिरगावातलं एक मशीन शॉप. बारा वर्षांचा व्यवहार. फाउंड्रीनं बिडाची हाउसिंग ओतून दिली, मशीन शॉपनं त्यांचं बोअरिंग केलं, म्हणजे आतलं भोक मापात कातलं, आणि पुण्याच्या गिऱ्हाइकानं चाळीस नग परत पाठवले. मशीन शॉपनं डेबिट नोट काढली, म्हणजे नुकसान फाउंड्रीच्या नावे टाकलं: कास्टिंगची किंमत, वर मशीनिंगची मजुरी. फाउंड्रीनं ती फेटाळली. दोघांचं बोलणं बंद. शेवटी दोघांनाही मान्य असा एक माणूस सापडला, तीस वर्षं फाउंड्रीत काढून निवृत्त झालेला. दोघांनी एका पानावर लिहून दिलं की हा वाद यांच्याकडे सोपवतो, निर्णय दोघांवर बंधनकारक. कायद्याला तेवढं पुरतं. करार लेखी हवा, भाषा कुठलीही चालते, बसायची जागा पक्षांनी ठरवावी.

म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी कुणाचंच भाषण ऐकलं नाही. चाळीसही नग जमिनीवर मांडायला लावले आणि गुडघ्यावर बसून प्रत्येकाचा हीट नंबर, म्हणजे ओतीचा क्रमांक, खडूनं वर लिहिला. मग ढीग वेगळे केले. एकतीस नग एकाच दिवसाच्या ओतीचे निघाले. जुलैमधला तो दिवस होता. त्यातला एक त्यांनी करवतीनं मधोमध कापायला सांगितला. कापलेला भाग पंख्याखाली पुसला, चष्मा कपाळावर नेला आणि मला जवळ बोलावलं. आत गुळगुळीत, गोल, टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती, कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या बाजूला दाटीनं. "ब्लोहोल. कोअर ओला राहिलाय. पावसाळ्यात भट्टीतनं लवकर काढला असणार." फाउंड्रीच्या मालकानं तोंड उघडलं, मग कोअर शॉपचं रजिस्टर आणवलं गेलं, आणि त्यानं तोंड मिटलं.

उरलेले नऊ वेगवेगळ्या ओतीचे होते. त्यांत भोक नव्हतंच. बोअरचं माप मोठं गेलं होतं, म्हणजे टूलची चूक. ते मशीन शॉपच्या माथी.

दुपारी चहाच्या वेळी मी शहाणपणा केला. म्हटलं, काका, एवढा कीस कशाला काढताय, निम्मं-निम्मं करून टाका, दोघं खूश होतील. म्हातारा बशीतला चहा संपेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "अर्धं करायला माझी काय गरज होती? त्याला ऊस तोडायचा कोयता पुरतो की."

आणि खरी मेख पुढंच होती. एकतीस नगांची मशीनिंगची मजुरी फाउंड्रीनं द्यायची, असं कुणीही म्हणालं असतं. त्यांनी मशीन शॉपच्या फोरमनला विचारलं, भोक दिसलं कधी? पहिल्या रफ कटलाच, तो म्हणाला. मग पुढचे तीन ऑपरेशन का केलेस? फोरमन मालकाकडे बघायला लागला. निकालात त्यांनी रफ कटपुरती मजुरी धरली, पुढची नाही. दोष दिसल्यावर काम थांबवून कळवणं हे तुमचं कर्तव्य होतं, असं कारण लिहिलं. तीन पानं, मराठीत, हातानं. दोघंही नाराज होऊन बाहेर पडले. पंधरा दिवसांत पैसे चुकते झाले. पुढं सहा महिने फाउंड्रीवाला मला रस्त्यात भेटला की दुसरीकडं बघायचा, पण माल मात्र आजही त्याच शॉपमध्ये जातो.

हे न्यायाधीशाला जमलं नसतं असं नाही. पण न्यायाधीशानं गुडघ्यावर बसून हीट नंबर वाचले नसते. त्याला साक्षीदार लागला असता, तज्ज्ञाचा अहवाल, त्याची उलटतपासणी, आणि प्रत्येकाची वेगळी तारीख. लवादाला दिवाणी प्रक्रिया संहिता किंवा पुरावा कायदा बांधून ठेवत नाही. ज्या धंद्यातलं भांडण, त्या धंद्यातला माणूस निवडता येतो. गुळाच्या सौद्यात रव्याचा, म्हणजे ढेपेचा रंग आणि तूट यावरून तंटा झाला तर ज्याचं आयुष्य मार्केट यार्डात गेलं तो दोन मिनिटांत ओळखेल. हुपरीच्या चांदीचा, इचलकरंजीच्या कापडातल्या डॅमेजचा, सगळ्यांचा तोच हिशेब.

मग भाच्याच्या टेम्पोत काय बिघडलं होतं? त्याचीही सही होती की करारावर.

होती. सतराव्या पानावर, बाकीच्या एकोणीस सह्यांबरोबर. त्या कलमात लिहिलं होतं की वाद झाल्यास कंपनी एकमेव लवाद नेमेल. कंपनी नेमेल. कुस्ती लावताना एका तालमीनं म्हणावं की पंच आमचा, आणि मैदानही आमच्याच परड्यात. २०१५च्या दुरुस्तीनं कायद्यात सातवी अनुसूची घातली: जो पक्षाचा नोकर, सल्लागार, वकील, किंवा ज्याचा त्या पक्षाशी धंद्याचा संबंध, तो लवाद होऊ शकत नाही. ही अडचण माफ करायची तर वाद सुरू झाल्यानंतर, लेखी, दोघांनी. आधी छापून घेतलेली माफी चालत नाही. २०१९ साली पर्किन्स ईस्टमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल पुढं टाकलं: ज्याचा निकालात हितसंबंध आहे, त्याला एकमेव लवाद नेमण्याचाही हक्क नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सरकारी कंत्राटांपुरतं हेच घटनेच्या १४व्या कलमाला जोडलं. सरकारी कंपनीनं स्वतःच्या यादीतला माणूस एकतर्फी बसवणं हा समतेचा भंग आहे, असं म्हटलं.

२०१९ नंतरही भाच्याला ते पाकीट आलं. एकदा गाडी यार्डात गेली की टेम्पोवाला कुठं पर्किन्स ईस्टमन शोधत बसणार? चेन्नईला जाऊन हरकत घ्यायची तर रेल्वेचं भाडं आणि बुडालेल्या फेऱ्या मिळून थकलेल्या हप्त्यांएवढं व्हायचं. आम्ही एका वकीलमित्राकडून पानभर हरकत पाठवली. आठवड्यानं कंपनीच्या शाखेतून फोन आला, या, बसू, मिटवू. भाच्यानं दोन हप्ते भरले, तिसऱ्याला मुदत मिळाली. चेन्नईच्या लवादाचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. वादच कुणाला नको होता, हवा होता तो आदेशाचा कागद.

काही वकील म्हणतात, थकबाकीदारांना चाप नको का? हवाच. पण त्याला वसुली म्हणा, लवाद म्हणू नका. खरा लवाद बदनाम होतो तो अशा कागदांमुळं. आता शिरोलीत एखाद्याला सांगावं की करारात लवादाचं कलम घाल, तर तो आधी दचकतो.

दुसरं टोकही बघायला हवं, संमती न घेता बसवलेल्या मोठ्या लवादांचं. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची हा दर पावसाळ्यात आपल्याकडं चहाइतका नित्याचा विषय, आणि २०१९च्या महापुरानंतर तर प्रत्येक जण त्यातला तज्ज्ञ आहे. कृष्णेच्या पाण्यासाठी बसवलेल्या बच्छावत लवादानं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला, ८०० आंध्रला अशी वाटणी केली आणि १९७६ मध्ये ती अंतिम झाली. कुणी खूश नव्हतं, पण आकडे चालले. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१०ला निर्णय दिला, २०१३ला पुढचा अहवाल दिला, अलमट्टीला ५२४.२५६ मीटरपर्यंत वाट मोकळी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळं तो राजपत्रात छापलाच गेला नाही. निकाल असूनही नसल्यासारखा. आणि सीमाप्रश्न? महाजन आयोग महाराष्ट्राच्या आग्रहावरून १९६६ मध्ये नेमला गेला. १९६७ला अहवाल आला, तो आपण नाकारला, कर्नाटक अजून तोच धरून बसलंय, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. महाजन हे आयोग होते, लवाद नव्हते. बेळगाव, निपाणीच्या माणसाच्या बाजूनं माझं मन आहेच, त्यात शंका नको. पण निकाल बंधनकारक की नुसती शिफारस, हे दोन्ही राज्यांनी आधी सही करून ठरवलं असतं तर साठ वर्षांचा वाद निदान वेगळ्या जागी उभा असता. राजीनामा घ्यायचा राहून गेला.

खर्चाबद्दल थोडंच बोलतो, कारण तिथं माझ्या बाजूला भोकं आहेत. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या नमुना दरानं पाच लाखांपर्यंतच्या वादाला लवादाचं मानधन ४५,००० रुपये, एकटा असेल तर वर २५ टक्के. म्हणजे ५६,२५०. पाच लाखांच्या भांडणात हे परवडणारं नाही. निकाल वर्षात द्यावा असं कलम आहे, मग त्याला कलम ३४ खाली कोर्टात आव्हान, मग अपील. १९४०च्या जुन्या कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानंच १९८१ साली म्हटलं होतं की त्याखालच्या कारवाया पाहून वकील हसतात आणि कायद्याचे तत्त्वज्ञ रडतात. नव्या कायद्यात हसणं थोडं कमी झालंय एवढंच. केंद्र सरकारनं तर जून २०२४ मध्ये आपल्या खात्यांना सांगून टाकलं की खरेदीच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नका, दहा कोटींखालच्या वादांपुरतंच ठेवा. ज्या सरकारनं कायदा केला त्याचाच मोठ्या रकमेला विश्वास बसेना.

छोट्या उद्योगाला एक वाट आहे, आणि शिरोलीतल्या निम्म्या लोकांना ती माहीत नसते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखाली ४५ दिवसांवर बिल थकवलं तर सुविधा परिषदेकडे जाता येतं. ती आधी सलोखा करते, जमलं नाही तर लवाद म्हणून निकाल देते किंवा दुसऱ्याकडे पाठवते. हरलेल्या खरेदीदाराला त्या निकालाला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. सलोखा करणारी आणि निकाल देणारी परिषद एकच, हे मला खटकतं. सलोख्याच्या टेबलावर माणूस मन मोकळं करतो, आणि तेच ऐकणारा उद्या न्याय करणार. तरी उधारीत अडकलेल्या कारखानदाराला मी तिकडंच पाठवतो.

बाकी वादांसाठी मात्र धंदेवाल्या संघटनांनी स्वतःची माणसं तयार करावीत असं मला वाटतं. अडचण सगळ्यांना माहीत आहे: कोल्हापुरात तिऱ्हाईत आणायचा कुठून? इथं प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा, नाहीतर एका तालमीचा, नाहीतर एका वर्गातला. मावशीच्या दिराचं नाव निघालं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण कायदा तिऱ्हाईतानं अनोळखी असावं असं म्हणत नाही. नातं असेल तर आधी लेखी सांग, असं म्हणतो. फाउंड्रीच्या त्या म्हाताऱ्यानं पहिल्या कागदावर लिहिलं होतं: मशीन शॉपच्या मालकाच्या वडिलांबरोबर मी १९८४ ते १९९१ एका कारखान्यात होतो. दोघांनी वाचून सही केली. पुढं कुणाला कुरकुर करायला जागा उरली नाही. आपले नेते वाद मिटवतात तिथं हे कधी घडतं का? त्यांना दोन्ही बाजूंची मतं हवी असतात, हे उघड नातं असतं, पण ते कुणी लिहून देत नाही. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत पुष्कळ भांडणं मिटली हे खरं, पण मिटलेलं भांडण आणि सुटलेलं भांडण यांत फरक आहे, आणि गावातल्या दुबळ्या बाजूला तो जास्त कळतो.

दहा-पंधरा निवृत्त, धंद्यातल्या, हिशेब समजणाऱ्या माणसांची यादी. सुनावणी कोल्हापुरात, भाषा मराठी, मानधन ठरलेलं, तीन बैठकांत निकाल, कारणं लेखी. नाव दोघांनी मिळून निवडायचं, एकमत झालं नाही तर संघटनेनं चिठ्ठी काढायची. तरीही अडलं तर लवाद नेमून घ्यायला कलम ११ खाली उच्च न्यायालय आहेच, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच इथं आल्यामुळं उच्च न्यायालय म्हणजे मुंबईची रात्रीची गाडी हे गणित बदललंय. चाळीस वर्षांहून जास्त काळ ज्या गावानं बेंचसाठी मोर्चे काढले, त्यानं आता सगळी भांडणं तिथंच नेऊन ओतू नयेत एवढी माझी इच्छा.

भाच्यानं गेल्या दिवाळीला दुसरा टेम्पो घेतला. या वेळी मला सोबत नेलं. कर्जाची फाइल आली, मी लवादाचं कलम शोधून काढलं. पुन्हा तेच, कंपनी नेमेल. भाच्यानं काउंटरवरच्या पोराला विचारलं, "ह्यात 'दोघांनी मिळून' असं लिहिता येतंय काय? आणि चेन्नई खोडून कोल्हापूर करा की." पोरगा भला होता, कागलचा. त्यानं वरच्यांना फोन लावला, दोन मिनिटं ऐकलं, आणि हसत फोन ठेवला. "साहेब, ते छापील असतंय."

बाहेर गाडीला हार घालून शोरूमवाले खोळंबले होते. भाच्यानं माझ्याकडं बघितलं, पेन मागितलं आणि सतराव्या पानावर सही केली.